रोज चाळीस ग्रॅम

४ जानेवारी

प्रिय चिमे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला आधी वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. उलट पाचजण आले आहेत.

आमच्या गल्लीतली भुरी कुत्री तुला माहीत असायचं कारण नाही. तू या घरी शेवटची आलीस ती हे गेले तेव्हा, आणि त्याला तीन वर्षं झाली. तर ही भुरी परवा सकाळी मागच्या न्हाणीत व्याली. मी तिथे रद्दी रचून ठेवते. पाणी तापवायला गेले तर गठ्ठ्यांमागून कुंईकुंई. वाकून पाहिलं तर पाच पिल्लं. चार बरी दिसतात, पाचवी उंदराएवढी. भुरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या घरात न विचारता शिरले.

मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. सारा जन्म पोस्टात पाकिटं हाताळण्यात गेला. वरच्या मजल्यावरचे शिंपीदादा म्हणतात, निसर्ग बघून घेतो, तुम्ही दार लावून घ्या. पण थंडी मरणाची आहे आणि न्हाणीची फरशी बर्फासारखी. तू तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात नर्स होतीस, तुझ्याशिवाय विचारू कोणाला? फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही.

आणखी एक. फेब्रुवारी संपता संपता मी हे घर सोडून मुलाकडे जायची आहे. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, त्यात सूनबाईंना दमा, तिथे कुत्रं नेण्याची सोय नाही. म्हणजे तेवढ्या दिवसांत या पाचांना मोठं करून चांगल्या घरी लावायचं. जमेल का, एवढं सांग.

तुझी
ताई

७ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार गृहीत धर. माझे गुडघे आता कागदावरही वाकत नाहीत.

जमेल. पण मी इथून सांगणार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तेव्हा सांगते तसंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.

पहिली गोष्ट ऊब. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. मोठं खोकं घे. एक बाजू अशी काप की भुरीला आत-बाहेर करता यावं, पिल्लांना नाही. खाली रद्दी, वर जुनं सुती कापड. रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळ आणि एकाच कोपऱ्यात ठेव. फार उकडलं तर त्यांना सरकायला जागा हवी. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. आधी ऊब, मग पोट. गार पोटात दूध जिरत नाही.

गाईचं दूध तर नकोच. भुरीला पोटभर खायला घाल, बाकीचं ती बघेल. धाकटीला मागच्या आचळांना लाव, तिथे दूध जास्त येतं, आणि ती पिईपर्यंत मोठ्यांना बाजूला धर. या वयात त्यांना शी-शू आपण होऊन होत नाही, आईने चाटलं की होते. भुरी सगळ्यांना चाटते ना, तेवढं पाहा.

रोज एकाच वेळी वजन कर. आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. ज्याचं वजन वाढत नाही ते आजारी आहे, दिसो वा न दिसो.

आता माझी अट. दर पत्रात वजनं कळवायची, आणि असतील तीच कळवायची. एखादं गेलं तर गेलं म्हणून लिहायचं. तू काय लिहू शकतेस ते मला ठाऊक आहे. सात वर्षांची मी वसतिगृहात होते, तेव्हा तुझी नऊ पत्रं आली. प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘आई सांगते, मी लिहिते’. आई बरी आहे, आई उठून बसते, आईला तुझी वेणी आठवते. त्यातली शेवटची पाच आई गेल्यानंतरची होती. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले आणि रिकामी खाट बघितली तेव्हा मला कळलं. बावन्न वर्षं झाली. त्यावर आपण कधी बोललो नाही, आताही बोलायचं नाही. फक्त पिल्लांचं खरं लिहीत जा.

चिमी

१४ जानेवारी

प्रिय चिमे,

तुझी अट मान्य. म्हणून आधी माझा गाढवपणा सांगते.

तुझं पत्र दहा तारखेला आलं, पण त्याआधी दोन दिवस धाकटी दूध ओढेनाशी झाली होती. मी आपलं डोकं चालवलंच. तिला उताणी धरून ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं, आपण तान्ह्या मुलाला पाजतो तसं. दूध नाकातून बाहेर आलं. हाताला दगडासारखी गार लागत होती. पोस्टमनने तुझं पत्र दिलं ते मी दारातच उभी राहून वाचलं, आणि ‘आधी ऊब, मग पोट’ या वाक्यापाशी पत्र खाली टाकून आत धावले. तिला ब्लाउजच्या आत छातीशी धरून दोन तास खुर्चीत बसले. शिंपीदादा वजनाचं विचारायला आले, त्यांना म्हटलं, उठता येत नाही, पदराखाली माणूस आहे. दुपारी कधीतरी ती वळवळली. मग तिला भुरीच्या मागच्या आचळाशी लावलं. प्याली, चिमे. तिच्या पाठीवर बोट ठेवून मी तिचे घोट मोजले.

वजनं मी पत्रं तोलायच्या काट्यावर करते. निवृत्त झाले तेव्हा पोस्टाने तो मोडीत काढला होता, मी मागून घेतला. त्यामुळे नावंही तशीच पडली आहेत. सगळ्यांत जाडा तो पार्सल, ७१० ग्रॅम. काळी ती रजिस्टर, ६६०. ठिपक्यांचा बुकपोस्ट, ६४०. सतत किंचाळणारी ती तार, ५९०. आणि धाकटी पोस्टकार्ड. जन्माला १८० होती, मधे १७० वर उतरली, आज २६०. दुप्पट नाही. पण आहे ते आहे.

कागदावरचा डाग शाईचा नाही. त्याबद्दल क्षमस्व.

ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,

उताणी पाजल्याबद्दल तुला ओरडणार होते, पण तुझं तुलाच ओरडून झालेलं दिसतंय. दवाखान्यात येणाऱ्या दहांपैकी आठ बायका हेच करायच्या. पिल्लू पोटावर हवं, मान जराशी वर. आता पुरे.

तू खरं लिहिलंस. १७० वर उतरलेलंही लिहिलंस. बरं वाटलं.

आतापर्यंत डोळे उघडले असतील. निळसर, धुरकट दिसतील, घाबरू नकोस, त्यांना अजून नीट दिसत नाही. खोलीत ऊन फार येऊ देऊ नकोस. तिसऱ्या आठवड्यात कान उघडतील. तेव्हापासून त्यांना घरातले आवाज ऐकू देत. भांडं पडू दे, रेडिओ लाव, शिंपीदादांचं मशीन चालू दे. रोज प्रत्येकाला दोन मिनिटं हातात घे, पायांची बोटं चाचपत जा. माणसाचा हात वाईट नसतो हे याच दिवसांत कळलं तर कळतं. जंतांचं औषध दोन आठवड्यांचे झाल्यावर द्यायचं, मग दर पंधरा दिवसांनी. किती द्यायचं ते तिथल्या डॉक्टरला वजन सांगून विचार. पहिली लस टोचून होईपर्यंत घराबाहेर न्यायचं नाही आणि परक्या कुत्र्याच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. लस न टोचलेलं पिल्लू चार दिवसांत जाताना मी पुष्कळदा पाहिलं आहे.

माझं म्हणशील तर ठीक. मागच्या वर्षी माझा म्हातारा कुत्रा गेला. आता पुन्हा जीव लावायचा नाही असं ठरवलं आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पोस्टकार्डाचं वजन लिहून ठेवते, ते फक्त सवय म्हणून.

चिमी

२८ जानेवारी

प्रिय चिमे,

तू सवय म्हण, मी काही म्हणत नाही.

कालपासून घराची धर्मशाळा झाली आहे. पाचही जण खोक्याबाहेर येतात. चालतात कसले, झिंगलेल्या माणसासारखे चार पावलं जातात आणि बसकण मारतात. दात आले आहेत, सुईसारखे. पार्सल सगळ्यांच्या अंगावर लोळतो. पोस्टकार्ड त्याचा कान धरते आणि सोडत नाही. तो केकाटला की दचकून सोडते आणि काय झालं म्हणून आपलीच इकडे-तिकडे बघते. काल तिने माझ्या चपलेत झोप काढली. मऊ भातात उकडलेलं मांस कुस्करून द्यायला लागले आहे. अर्धं पोटात जातं, अर्धं अंगाला. मग एकमेकांना चाटून साफ करतात, तेवढंच माझं काम वाचतं.

वजनं: पार्सल १५२०, रजिस्टर १४४०, बुकपोस्ट १४६०, तार १३१०. पोस्टकार्ड ७९०. परवा तिला जुलाब झाले, ३० ग्रॅम उतरली, पुन्हा चढली.

मुलाचा फोन होता. आठ तारखेला सामान बांधायला येतो म्हणाला. रजा तेव्हाच मिळते. त्याने विचारलं, ते कुत्र्यांचं प्रकरण तोवर आवरलेलं असेल ना. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, आई, तुझं ‘बघू’ मला माहीत आहे. शिंपीदादांनी चार घरं विचारून ठेवली आहेत, लोक कधीही न्यायला तयार आहेत. पिल्लं आता आपली आपण खातात. मग कितव्या दिवशी द्यायची? तू सांगशील तसं.

इतक्या वर्षांत या घरात इतका गोंगाट झाला नव्हता. मला वाटतं, त्यांच्यामुळे नव्हे, तर तुझी पत्रं येतात म्हणून मी सकाळी लवकर उठते.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

आठ आठवडे. म्हणजे २७ फेब्रुवारी. एक दिवस आधी नाही.

खातात म्हणजे झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. खाणं हा सगळ्यांत सोपा धडा आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून जे शिकतं ते पुढे कोणी शिकवू शकत नाही. तूच लिहिलंस की, पोस्टकार्ड कान चावते, तो केकाटतो, ती सोडते. तो तिचा धडा चालला आहे. कुठवर चावलं म्हणजे खेळ आणि कुठून पुढे दुखतं, ते तिला असंच कळणार. लवकर तोडलेलं पिल्लू मोठेपणी कडकडून चावतं. ते दुष्ट नसतं. दुसऱ्याला किती लागतं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मी दवाखान्यात हे लोकांना सांगायची, तेव्हा आमचे डॉक्टर मिश्कील हसायचे. सगळा दवाखाना माझ्या तोंडाला भीत असे. मी सात वर्षांची आईपासून सुटले, ताई. मी किती कडकडून चावते ते मला अजून कळत नाही. हे पत्रही तुला लागलं असेल तर केकाट.

मुलाला सांग, वीस दिवस थांब. सामान बांधू दे, पिल्लं कोपऱ्यात राहतील. तुझ्या मुलाला तू ‘नाही’ म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही, एकदा म्हणून बघ.

आणि चौघांना घरं शोध, पाचांना नको. पोस्टकार्ड माझी. २७ ला सकाळच्या गाडीने मी येते आणि तिला घेऊन जाते. टोपली काढून धुवून उन्हात ठेवली आहे.

चिमी

१० फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. किती आनंद झाला म्हणून सांगू. तू येणार, तेही पोस्टकार्डासाठी.

इकडे सगळं छान आहे. मुलगा येऊन सामान बांधून गेला. पिल्लं मजेत खेळतात, खातात, झोपतात. जंतांचं औषध सात तारखेला दिलं. वजनं सविस्तर देते. पार्सल सहा तारखेला १९२०, मग १९६०, २०००, २०४०, आज २०८०. रजिस्टर १८००, १८४०, १८८०, १९२०, १९६०. बुकपोस्ट १८२०, १८६०, १९००, १९४०, १९८०. तार १६६०, १७००, १७४०, १७८०, १८२०. पोस्टकार्ड ११००, ११४०, ११८०, १२२०, १२६०.

भुरीची तब्येत उत्तम.

तू काही काळजी करू नकोस.

तुझी
ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

पिल्लं कुठे आहेत?

तीस वर्षं मी पिल्लांची वजनं लिहिली. दोन किलोचं पार्सल आणि मूठभर पोस्टकार्ड, दोघंही रोज बरोबर चाळीस ग्रॅम वाढतात? आणि बाकीची तिघंही? जंतांचं औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी एकाचंही दहा ग्रॅम घटलं नाही? पिल्लं अशी वाढत नाहीत. एक दिवस ऐंशी चढतात, एक दिवस वीस उतरतात, मधेच अडून बसतात. तुझ्या आधीच्या पत्रांत तशीच होती.

आणि कागद स्वच्छ आहे. मागच्या दोन्ही पत्रांवर डाग होते, एकाचा कोपरा चावलेला होता. हे पत्र पाच पिल्लं असलेल्या घरातून आलेलं नाही. अक्षर किती सुंदर काढलं आहेस. त्या नऊ पत्रांतही असंच होतं, गिरवून काढल्यासारखं, एक काना वाकडा नाही. वसतिगृहातल्या सिस्टर ती पत्रं वर्गात सगळ्यांना दाखवायच्या.

एक अट घातली होती. एकच.

चिमी

१६ फेब्रुवारी

चिमे,

पिल्लं नाहीत. सहा आणि सात तारखेला दिली.

मुलगा आठला येणार होता. सहाला सकाळी त्याचा पुन्हा फोन आला, मी यायच्या आत पिल्लं देऊन टाकशील ना म्हणून. ‘नाही’ म्हणायचं असं मी ठरवलं होतं, आणि ‘हो’ म्हटलं. तुझं पत्र तेव्हा वाटेत होतं, पण ते हाती असतं तरी मी ‘नाही’ म्हटलं असतं की नाही, मला खात्री नाही. मला रेंगाळलेला निरोप सोसत नाही. एखादं जाणारच असेल तर लवकर जावं, कोणी बघत नसताना जावं, असं मला वाटतं. असं वाटून मी जन्मभर वागले.

पार्सल आणि बुकपोस्ट गिरणीवाल्याकडे दोघं एकत्र आहेत. रजिस्टर दोन गल्ल्या सोडून एका मास्तरीणबाईंकडे. तार शिंपीदादांच्या भाचीकडे. ती चौघं बरी आहेत, काल जाऊन डोळ्यांनी पाहून आले. लस कोणालाच टोचलेली नव्हती, चौघांना काल टोचून घेतली. पोस्टकार्ड शिंपीदादांच्या ओळखीच्या एका ट्रक ड्रायव्हरने नेली. त्याच्या मुलीला लहानसं पिल्लू हवं होतं. तो लांबच्या फेरीला गेला आहे, कुठे ते कोणाला नक्की माहीत नाही.

प्रत्येक वेळी मी भुरीला खायला घालायच्या निमित्ताने शिंपीदादांकडे वर पाठवलं. ती खाली आली की एक कमी असे. शेवटी खोकं रिकामं. चार दिवस ती रद्दीचे गठ्ठे ओढून मागे बघत होती. माझा पदर हुंगायची, मग माझ्या तोंडाकडे बघायची. शिंपीदादा मला म्हणाले, बाई, निदान तिच्यादेखत तरी द्यायची होती.

तुझं पत्र आलं, टोपली उन्हात ठेवली आहे असं वाचलं, आणि मी घाबरले. ड्रायव्हर २७ च्या आत परत येईल, पोस्टकार्ड आणून ठेवीन, तुला कळणारही नाही, असा हिशेब केला. बसून वजनं रचली. रचताना मला जुनी सवय असल्यासारखं सोपं गेलं, हे तुला सांगायला हवं.

भुरीच्या आचळांत दूध दाटलं आहे. काय करू?

ताई

१८ फेब्रुवारी

चिमे,

आज दुपारी कळलं, आज दुपारीच लिहिते.

ड्रायव्हर परत आला. पोस्टकार्ड नाही. मी त्याला सगळं विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, टोपी हातात धरून. दोन दिवस छान होती. त्याच्या मांडीवर झोपायची, गिअरच्या दांड्याशी खेळायची. एका थांब्यावर इतर कुत्र्यांत उतरवली. पुढे चार-पाच दिवसांनी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. वाटेत एका गावात डॉक्टर शोधला, तो नव्हता. चौदा तारखेला सकाळी गेली. रस्त्याच्या कडेला झाडाखाली त्याने खड्डा केला. त्याच्या मुलीला त्याने अजून सांगितलेलं नाही. मला म्हणाला, बाई, तिला सांगू की दुसऱ्या कोणाला दिलं म्हणून?

मी म्हटलं, सांगा. आजच सांगा.

तिचं वजन मी स्वतः शेवटचं केलं ते सहा तारखेला सकाळी. ९८० ग्रॅम. अकराशे नव्हे. ती कधी किलोभराचीसुद्धा झाली नाही.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही पत्रं एकाच टपालात आली. वरचं आधी उघडलं, ते अठराचं निघालं.

भुरीच्या आचळांना हात लावू नकोस, दूध पिळून काढू नकोस, काढलं की आणखी येतं. एक दिवस खाणं निम्मं कर. गाठ कडक आणि गरम लागली तरच डॉक्टर. आठवड्याभरात आटेल.

पोस्टकार्डाबद्दल मला तुला बोलायचं होतं, तीन कागद फाडले. ती कशाने गेली हे मला माहीत आहे आणि आता तुलाही माहीत आहे, तेव्हा तो कागद फुकट जाईल. कॅलेंडरवर ११०० पासून पुढचे आकडे खोडले आणि ९८० लिहिलं.

मी २७ ला येतेच आहे. भुरीला नेते. तू गेल्यावर ती पुन्हा गल्लीत जाणार, आणि त्या रिकाम्या खोक्यापाशी येऊन बसणार. माझ्याकडे अंगण आहे. तिला सगळं तिच्यादेखत होऊ दे. तू दारात उभी राहा, तिच्याशी बोल, मग मी नेईन.

त्याच दिवशी लिहिलंस, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आज दुपारी कळलं, आज दुपारीच लिहिते.’ हे वाक्य तुला लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मागते. बोलायचं नाही असं मीच म्हटलं होतं, ते मागे घेते. आई गेली त्याचं पत्र मला कधी आलं नाही. ते लिही. एकोणसाठ वर्षांच्या बाईला नको, तिला सगळं समजतं. त्या मुलीला लिही. मी यायच्या आत पोचेल असं टाक.

चिमी

१२ नोव्हेंबर, बावन्न वर्षांपूर्वी लिहायचं राहिलेलं

चिमे बाळा,

हे पत्र आईने सांगितलेलं नाही. हे माझं आहे. आई काल दुपारी चार वाजता गेली.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ती उठून बसते. ते खोटं होतं. ती महिनाभर उठून बसलेली नाही. कूस बदलायलासुद्धा मी आणि शेजारच्या काकू मिळून धरायचो. सूप पिते असं लिहिलं, ते तोंडाला लावायची आणि ठेवून द्यायची. तुझी वेणी आठवते, हे मात्र खरं होतं. तुझ्या केसांत गुंता फार होतो आणि वसतिगृहात कोण सोडवत असेल, हे ती रोज विचारायची. मी रोज सांगायची की तिथल्या सिस्टर सोडवतात. मला काही माहीत नव्हतं.

तुला दूर ठेवलं कारण तिचा आजार तुला लागेल असं डॉक्टर म्हणाले. ते खरं कारण होतं. पण तुला नेऊन सोडलं त्या दिवशी तू झोपाळ्यावर असताना मी मागच्या दाराने निघून गेले, त्याला काही कारण नव्हतं. तू रडशील आणि मला जाववणार नाही, एवढंच.

काल सकाळपासून तिला धाप लागली. डॉक्टरांनी सुई दिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आजचा दिवस. मी तुला आणायला निघायला हवं होतं, पण गाडीला पाच तास लागतात आणि तिच्यापाशी दुसरं कोणी नव्हतं. तीनच्या सुमाराला तिने हाक मारली. ‘चिमे’ म्हणाली. तिला नीट दिसत नव्हतं. मी सांगायला हवं होतं की चिमी शाळेत आहे, ही मी, ताई. मी ‘ओ’ म्हटलं. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, जेवले. मग तिचा चेहरा बरा दिसला. त्यानंतर ती बोलली नाही.

ती हाक तुझी होती, बाळा. मी घेतली. ती तुला पोचती करते.

सिस्टर म्हणतील, परीक्षा होऊ दे, मग सांगू. त्यांचं ऐकू नकोस. हे पत्र कोणी काढून घ्यायला आलं तर देऊ नकोस. वर्गात असलीस तरी चालेल, रडायचं तेवढं रड. नंतर तुझी पेटी भर, केसांचा गुंता तसाच राहू दे, आणि फाटकापाशी येऊन बस. उद्या सकाळच्या गाडीने मी तुला न्यायला येते.

ताई